उष्णतेनं दुखावलेला साल्मोनेला: चार तासांत सावरला, की नुसताच वाढला?

प्लेट_मोजणारी यांचा प्रश्न

नमस्कार. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये अडकले आहे. जरा लांबलचक लिहिते, कारण अर्धवट माहिती दिली की इथे आधी त्यावरूनच ओरडा मिळतो.

साल्मोनेला टायफिम्युरियम, टीएसबीमध्ये (साधा पोषक रस्सा) १८ तासांचं कल्चर. पीबीएसनं (फॉस्फेट बफर, पोषण नसलेलं) दोनदा धुतलं. ५५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ९ मिली पीबीएस आधीच गरम करून ठेवलं होतं, त्यात १ मिली कल्चर, १० मिनिटं. लगेच बर्फाच्या पाण्यात. मग त्यातलं १ मिली ९ मिली बीपीडब्ल्यूमध्ये (दुखावलेल्या जिवाणूंना सावरायला देतात ते सौम्य पोषक द्रावण) टाकून ३७ अंशांना ठेवलं आणि दर तासाला एक्सएलडीवर (साल्मोनेला निवडणारा कडक अगार) स्प्रेड केलं. टीएसएवर (साधा अगार, दुखावलेल्यांनाही चालणारा) फक्त पहिल्या आणि शेवटच्या वेळी, कारण प्लेटा संपल्या. सगळे आकडे बीपीडब्ल्यूमधले, लॉग सीएफयू प्रति मिली (म्हणजे कॉलनी करणाऱ्या पेशी; १ लॉग म्हणजे दहापट):

एक्सएलडी: ० तास ४.१, १ तास ४.६, २ तास ५.४, ३ तास ६.१, ४ तास ६.७
टीएसए: ० तास ६.३, ४ तास ६.८

मी रिपोर्टमध्ये लिहिलं की पेशी दुखावल्या होत्या आणि चार तासांत सावरल्या. मॅडमनी लाल पेनानं लिहिलं, 'यात सावरणं कुठे दिसतं? वाढ झाली आहे.' आणि हिशेब केला तर त्यांचंच खरं वाटतं. ४.१ वरून ६.७ म्हणजे साडेआठ पिढ्या, एका पिढीला २८ मिनिटं. साल्मोनेलाला हे सहज जमतं. मग मी नक्की काय मोजलं?

कल्चर_कट्टा

ही तर सरळ व्हीबीएनसीची केस आहे. पेशी जिवंत असतात पण प्लेटवर येत नाहीत, नंतर जाग्या होतात. रिपोर्टमध्ये 'रेससिटेशन' हा शब्द घाला, मॅडम खूश होतील.

जुना_पिपेटवाला

कट्टाभाऊ, तो शब्द घातला तर मॅडम दुसरं लाल पेन काढतील. व्हीबीएनसी म्हणजे जी पेशी नेहमीच्या कुठल्याच मीडियावर कॉलनी करत नाही, पण जिवंत असल्याच्या खुणा दाखवते. १९८२ साली रीटा कोलवेल यांच्या गटानं ई. कोलाय आणि व्हिब्रिओ कॉलरीबद्दल हे मांडलं, तेव्हापासून ज्याला जे उगवत नाही त्याला तो हे लेबल चिकटवतो. इथल्या पेशी टीएसएवर पहिल्या मिनिटापासून उगवताहेत. फक्त एक्सएलडीवर उगवत नाहीत. याला साधं नाव आहे, दुखापत. मराठीत म्हणायचं तर अर्धमेल्या पेशी, पण तो शब्द मला आवडत नाही. टीएसएवर टाकली की ती पेशी चांगली टपोरी कॉलनी करते, तिला अर्धमेली कसं म्हणायचं?

आता मूळ प्रश्न. तू म्हटलं तर चालेल ना? माझी हयात या प्लेटांमध्ये गेली आहे, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत.

तुझी अर्धी सुटका तुझ्याच आकड्यांत आहे आणि तू ती एका ओळीत उरकून टाकलीस. शून्य तासाला टीएसए ६.३ आणि एक्सएलडी ४.१. दोन्ही प्लेटांवर एकाच नळीतलं पाणी गेलं आहे. फरक २.२ लॉग, म्हणजे जिवंत पेशींपैकी ९९.४ टक्के एक्सएलडीवर उभ्या राहू शकल्या नाहीत. चार तासांनी फरक उरला ०.१. आता बघ, एक्सएलडीचा काउंट २.६ लॉगनं चढला, पण टीएसएचा फक्त ०.५ नं. एक्सएलडीवर जे वाढलेलं दिसतं ते सगळं खरोखर पेशींच्या विभाजनातून आलं असतं, तर ते कोणत्या खात्यातून आलं? एकूण खात्यात तर पावणेदोन पिढ्यांचीच भर पडली आहे.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर तू पेढे वाटले असतेस. पण मॅडम पूर्ण चुकीच्या नाहीत. ही गोष्ट बहुतेक प्रबंधांत सुटते, म्हणून नीट वाच.

शून्य तासाला ६.३ लॉग म्हणजे मिलीला सुमारे २० लाख पेशी. त्यातल्या १२-१३ हजार धडधाकट, त्या एक्सएलडीवरही आल्या. समजा दुखावलेल्यांपैकी एकीनंही स्वतःला दुरुस्त केलं नाही, त्या टीएसएवर तशाच कॉलन्या देत बसून राहिल्या. आणि ह्या १२ हजार धडधाकट पेशी तासाभराच्या लॅगनंतर (वाढ सुरू होण्याआधीचा तयारीचा वेळ) २५ मिनिटांना दुप्पट होत गेल्या. उरलेल्या तीन तासांत सात पिढ्या, म्हणजे १२८ पट. चौथ्या तासाला त्या १६ लाख झाल्या. एक्सएलडी ६.२ दाखवेल आणि टीएसए २० अधिक १६, ३६ लाख, म्हणजे ६.५५. कळतंय? दुरुस्ती अजिबात न होता, तुझ्या आलेखाशी मिळताजुळता आलेख! टीएसए जवळजवळ सपाट आणि एक्सएलडी चढता, एवढ्यानं दुरुस्ती सिद्ध होत नाही. जोवर धडधाकट अल्पसंख्याक कमी आहेत तोवर त्यांची वाढ एकूण काउंटात दिसतच नाही, ती बहुसंख्य दुखावलेल्यांच्या सावलीत लपते.

तुझ्या बाजूनं बोलणारा आकडा पहिल्या तासाचा आहे. ४.१ वरून ४.६. स्टेशनरी (वाढ थांबलेल्या) अवस्थेतून, वर ५५ अंशांचा चटका खाऊन आलेली पेशी पहिल्या तासात तिप्पट होत नाही. ती तेव्हा लॅगमध्ये असते. म्हणून ती तिप्पट वाढ दुरुस्तीची असण्याची शक्यता जास्त. पण शक्यता म्हणजे पुरावा नाही, आणि ०.५ लॉग तर वाईट दिवशी पिपेटही देते.

मग पुरावा कसा आणायचा? जोडीला एक नळी लाव. न तापवलेलं तेच कल्चर, तसंच धुतलेलं, पण इतकं पातळ केलेलं की बीपीडब्ल्यूमध्ये बरोबर ४.१ लॉगच्या आसपास पडेल. म्हणजे तुझ्या धडधाकट अल्पसंख्याकांची प्रतिकृती. तिला त्याच इन्क्युबेटरमध्ये, त्याच वेळा, एक्सएलडीवर मोज. ती नळी सांगेल की निव्वळ वाढीतून एक्सएलडीचा काउंट जास्तीत जास्त किती चढू शकतो. तापवलेल्या नळीचा काउंट त्याच्यावर जेवढा जाईल तेवढी दुरुस्ती. यात तू स्वतःविरुद्धच माप लावते आहेस, कारण तापवून निघालेल्या धडधाकट पेशीसुद्धा न तापवलेल्यांपेक्षा उशिराच हलतात. म्हणून कोणी आक्षेप घेतला तरी तो तुझ्याच फायद्याचा.

अजून तीन कुरकुरी.

एक, ५५ अंशांच्या ९ मिलीत २५ अंशांचं १ मिली ओतलंस की मिश्रण ५२ वर येतं आणि मग हळूहळू वर चढतं. तुझी दहा मिनिटं ५५ ची नव्हती. ९.९ मिलीत ०.१ मिली टाक, तापमान फक्त ०.३ नं उतरेल.

दोन, न तापवलेल्या कल्चरचे टीएसए आणि एक्सएलडीचे काउंट कुठे आहेत? ठणठणीत पेशींमध्येही एक्सएलडी थोडा कमी काउंट देतो. तो फरक वजा केल्याशिवाय दुखापतीची टक्केवारी लिहायची नाही.

तीन, टीएसएच्या प्लेटा २४ तासांनी मोजून फेकल्यास का? दुखावलेली पेशी आधी घर सावरते, मग संसार वाढवते. तिची कॉलनी उशिरा येते. २४ तासांना दिसली नाही म्हणून ती मेलेली नसते. ४८ ला पुन्हा मोज.

प्लेट_मोजणारी

सर, 'तू'च म्हणा. १६ लाखांचा हिशेब मी तीनदा कागदावर करून बघितला आणि मग गप्प बसले. हो, प्लेटा २४ तासांनी फेकल्या.

दोन प्रश्न. पेशी नक्की काय दुरुस्त करते? आणि चार तासांत जवळजवळ सगळ्या सावरत असतील तर आयएसओ ६५७९-१ मध्ये (अन्नात साल्मोनेला शोधायची प्रमाणित पद्धत) बीपीडब्ल्यूमध्ये १८ तास कशाला ठेवायला सांगतात? सकाळी लावलं की दुपारी पुढची पायरी का नाही?

पावडर_टेस्टिंग

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, रोज तेच करते. दूध पावडरीच्या नमुन्यांत साल्मोनेला शोधणं हे माझं काम.

ताई, तुमच्या नळीत मिलीला २० लाख पेशी आहेत. माझ्या २५ ग्रॅम नमुन्यात असली तर एक असते. एकच. ती २२५ मिली बीपीडब्ल्यूमध्ये जाते. दुसऱ्या दिवशी त्या अडीचशे मिलीतून मी आरव्हीएसमध्ये (पुढच्या पायरीचा, साल्मोनेला निवडणारा रस्सा) किती घेते? ०.१ मिली. त्या ०.१ मिलीत सरासरी एक तरी पेशी यायला हवी असेल तर मिलीला १० हव्यात, म्हणजे बाटलीत २५००. एकीच्या २५०० व्हायला अकराच्या वर पिढ्या लागतात. ठणठणीत पेशीला, भरपूर खाऊ असताना, चार-पाच तास. आणि सरासरी एक म्हणजे कधी शून्यही येणार, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट हव्यात. त्यात सोबतचे बाकीचे जिवाणू त्याच खाऊवर तुटून पडलेले. आणि माझी ती एकटी पेशी कोरडी, कित्येक आठवडे पावडरीत पडलेली.

मुख्य मुद्दा पुढे आहे. तुमचे चार तास हे गर्दीचे चार तास आहेत. दुखावलेल्या पेशी सगळ्या एकाच वेळी सावरत नाहीत. काही तासाभरात, बऱ्याच दोन-तीन तासांत, आणि एक लांब शेपूट असते जिला आठ-दहा तासही लागतात. लाखोंच्या गर्दीत ती शेपूट आलेखात दिसतच नाही, कारण तोवर लवकर उठलेल्यांनी नळी भरून टाकलेली असते. माझी एकटी पेशी त्या शेपटीतली असू शकते. १८ तास तिच्यासाठी.

कोरड्या पेशींबद्दल एक सांगते, विषय निघालाच आहे तर. कामाला लागले तेव्हा पहिल्या ठिकाणी घाई फार असायची. पावडर पिशवीत, वर बीपीडब्ल्यू, लगेच मशीनमध्ये घुसळायची, संपलं. एकदा मुद्दाम साल्मोनेला घालून वाळवलेला तपासणी नमुना आला होता, तो आम्ही निगेटिव्ह दिला. बोलणी मी खाल्ली, कारण सही माझी होती. नंतर त्यातलाच उरलेला भाग घेतला, पावडर पाण्यावर हळूच पसरली आणि तासभर हात न लावता आपोआप भिजू दिली. पॉझिटिव्ह आला. एका नमुन्यावरून सिद्धांत मांडत नाही, पण कारण समजण्यासारखं आहे. वाळलेल्या पेशीच्या आवरणाला पाणी एकदम मिळालं की ते नीट जुळायच्या आत आतला ऐवज बाहेर झिरपतो. हळूहळू पाणी मिळालं तर तिला सावरायला वेळ मिळतो. तेव्हापासून मी घड्याळ लावून पिशवीकडे पाठ करून बसते. नाहीतर हात शिवशिवतो.

जुना_पिपेटवाला

पावडरताईंनी शेपूट फार छान सांगितली. मी पहिला प्रश्न घेतो.

तुझ्या प्रयोगात आधी आवरण. साल्मोनेलाच्या बाहेरच्या पडद्यावर एलपीएसचं (साखर आणि चरबी जोडून बनलेल्या रेणूंचं) अस्तर असतं, ते मॅग्नेशियम आणि कॅल्शियमनं एकमेकांना टाचलेलं असतं. उष्णतेनं, किंवा गोठवल्यानं, ते टाके सुटतात, काही अस्तर निघूनही जातं. एक्सएलडीमध्ये डीऑक्सिकोलेट आहे, पित्ताचा क्षार. आतड्यात राहणाऱ्या या जिवाला एरवी पित्ताचं काहीच वाटत नाही, कारण अस्तर त्याला अडवतं. अस्तर फाटलं की तेच विष. म्हणजे एक्सएलडीवर न येणं ही खरं तर भोक असल्याची खूण आहे.

दुसरं, रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, जी बरीचशी आरएनएचीच असतात. उष्णतेनं तीही मोडतात. हे आधी स्टॅफिलोकोकसवर नीट दिसलं. १९६६ मध्ये इआन्डोलो आणि ऑर्डल यांनी स्टॅफिलोकोकस ऑरियस ५५ अंशांना १५ मिनिटं फॉस्फेट बफरमध्ये ठेवला. ७.५ टक्के मिठाच्या प्लेटवर ९९ टक्क्यांहून जास्त जिवंत पेशी उगवेनात. ताज्या मीडियात ठेवल्यावर काही तासांत मिठाची सहनशक्ती परत आली. मग त्यांनी जे केलं ते मला आजही आवडतं. सावरताना अॅक्टिनोमायसिन डी घातलं, आरएनए बनणं बंद. सावरणं थांबलं. क्लोरॅम्फेनिकॉल घातलं, प्रथिनं बनणं बंद. सावरणं चालूच! म्हणजे नवीन आरएनए हवा, नवीन प्रथिनांवाचून चालतं. आणि प्रथिनंच बनत नाहीत तिथे पेशी विभागून वाढली असं कोण म्हणेल? साठ वर्षांपूर्वी तुझ्या मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं दिलं होतं. (साल्मोनेलात आवरणाची भानगड वेगळी आहे, त्यामुळे ही औषधं जशीच्या तशी उचलून घालू नकोस. पातळ नळीचा कंट्रोल स्वस्त आणि पुरेसा आहे.)

तिसरी गोष्ट दुर्लक्षिली जाते, पेरॉक्साइड. दुखावलेल्या पेशीचं कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) आणि बाकीचं संरक्षण लंगडं झालेलं असतं. २०१२ मध्ये याच साल्मोनेला टायफिम्युरियमच्या लॅगवर एक काम आलं. ताज्या मीडियात टाकल्यावर चार मिनिटांत जनुकांचा नकाशा बदललेला, आणि लॅगमध्ये पेशी लोह साठवतात, त्यामुळे ऑक्सिजनच्या माऱ्याला जास्त हळव्या होतात. ही ठणठणीत पेशींची गोष्ट. दुखावलेलीचं काय होत असेल, विचार कर. आणि पेरॉक्साइड प्लेटमध्येच तयार होतं, उजेडात ठेवलेल्या मीडियात.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका उन्हाळ्यात आमच्याकडे थंडीनं दुखावलेल्या पेशींचे काउंट दर सोमवारी पडायचे. मंगळवार ते शुक्रवार ठीक, सोमवारी अर्ध्या लॉगनं खाली. स्ट्रेन बदलली, बफर बदललं, सोमवारी येणाऱ्या मुलाला बदललं (बिचारा). शेवटी लक्षात आलं की शुक्रवारी ओतलेल्या प्लेटा सुकायला खिडकीपाशी ठेवून सगळे घरी जायचे. दोन दिवस ऊन. ठणठणीत पेशींचा काउंट त्याच प्लेटांवर अगदी नॉर्मल, म्हणून कोणाला संशयच आला नाही. प्लेटा कपाटात अंधारात ठेवायला लागलो, सोमवार सुधारला. टीएसएमध्ये ०.१ टक्का सोडियम पायरुवेट घातलं, आणखी थोडा सुधारला. पायरुवेट पेरॉक्साइडला गिळतं. स्टॅफिलोकोकस मोजायच्या बेअर्ड-पार्कर अगारमध्ये लिटरला १० ग्रॅम पायरुवेट असतं ते याचसाठी.

त्या मुलाची मी माफी मागितली. उशिरा मागितली.

कल्चर_कट्टा

व्हीबीएनसीबद्दलचे शब्द मागे. एक विचारतो. दोन-दोन प्लेटांचा खर्च वाचवायला थिन अगार लेअर चालेल का? एक्सएलडीच्या प्लेटवर टीएसएचा पातळ थर ओतायचा आणि त्यावर स्प्रेड करायचं. आधी पेशी टीएसएमध्ये सावरते, तोवर खालून डीऑक्सिकोलेट झिरपत वर येतं.

जुना_पिपेटवाला

नमुन्यातले दुखावलेले साल्मोनेला बाकी गर्दीतून वेगळे करून मोजायचे असतील तर उत्तम. कांग आणि फंग यांची युक्ती आहे, १९९९-२००० ची. पण हिच्या कामाची नाही. हिला दुखावलेल्या आणि धडधाकट यांतला फरकच मोजायचा आहे आणि ती प्लेट तो फरक पुसून टाकते. शुद्ध कल्चर आहे, साधा टीएसए लाव.

प्लेट_मोजणारी

तीन आठवड्यांनी परत आले. प्लेटा कपाटात, टीएसएमध्ये पायरुवेट, ०.१ मिली ९.९ मध्ये, ४८ तासांचे काउंट. बीपीडब्ल्यूमध्ये टाकताना पातळ करण्याचं प्रमाण असं जमवलं की सुरुवात साधारण मागच्यासारखीच झाली. तीन वेगवेगळ्या दिवसांची सरासरी:

तापवलेली, टीएसए: ६.३, ६.३, ६.३, ६.४, ६.८
तापवलेली, एक्सएलडी: ४.०, ४.५, ५.४, ६.१, ६.७
न तापवलेली पातळ नळी, एक्सएलडी: ४.१, ४.१, ४.७, ५.६, ६.५

न तापवलेल्या मूळ कल्चरमध्ये एक्सएलडी टीएसएपेक्षा ०.१ नं कमी.

दुसऱ्या तासाला पातळ नळीत मिलीला ५० हजार, तापवलेल्या नळीत अडीच लाख. म्हणजे जास्तीच्या दोन लाख पेशी निव्वळ वाढीतून येऊ शकत नाहीत. मॅडमनी आकडे दोनदा बघितले, कॅल्क्युलेटर मागितला, आणि म्हणाल्या, 'हा कंट्रोल तुला कोणी सांगितला?' मी म्हटलं, एका पिपेटवाल्या सरांनी. एक विचारायचं राहिलं. चौथ्या तासाला दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच आहेत, ६.७ आणि ६.५. तिथे दुरुस्ती ०.२ च झाली असं लिहू का?

जुना_पिपेटवाला

नको. दुसऱ्या तासाच्या पुढे या पद्धतीनं काहीच म्हणायचं नाही. सावरलेल्या पेशी तोवर स्वतःच विभागायला लागलेल्या असतात, आणि पातळ नळीतली पोरं तर सुसाट सुटलेली. त्यामुळे अंतर मिटणारच. आलेखावर शून्य ते दोन तासांचा पट्टा हलका रंगव आणि मजकुरात एवढंच लिही की दुरुस्तीचा दावा या पट्ट्यापुरता आहे. तिसऱ्या-चौथ्या तासाचे ठिपके दाखव, लपवू नकोस, पण त्यांच्यावर बोलू नकोस.

जमलं तर ० ते २ तासांत दर २० मिनिटांनी एकदा मोज. सात वेळा, दोन प्रकारचे अगार, दोन नळ्या. प्लेटा आधीच मोजून ओत, या वेळी संपू देऊ नकोस.

पावडर_टेस्टिंग

आणि त्या शुक्रवारी ओतू नका.